अम्मींची कसम

“अम्मी कसम खाऊन काही बोलली, तर हसण्यावारी नेऊ नकोस. ती पाळते,” असं तौसीफनं, माझ्या नवऱ्यानं, लग्नानंतर लगेच बजावलं होतं. मी हसण्यावारीच नेलं. कसमा काय, आमच्या कॉलेजात कॅन्टीनच्या समोशावरूनही खायचे लोक.

इनाया तान्ही असताना सासूबाई अमरावतीहून आमच्याकडे अकोल्याला आल्या. त्यांचं माहेर बार्शीटाकळीकडचं, बोली पक्की वऱ्हाडी आणि टोमणे रोज ताजे.

“लेकरू वाळून गेलं. मॅडम, पदवी पाजून राहिली का तिले?”

झोपलेल्या इनायाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची मला सवय. त्यावरही त्या हसायच्या.

एका दुपारी मी अंघोळ करून बाहेर आले, तर अम्मींचं मधात बुडवलेलं बोट इनायाच्या ओठांशी. वर्षाच्या आत मध नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी बाळाला हिसकावून घेतलं आणि ओरडले, “मारायचंय का तिला?”

अम्मींचा चेहरा उतरला. “या हातानं पाच लेकरं वाढवली मी. अल्लाकसम, या घरचं पानी नाही पिणार आता.” पिशवी उचलून त्या निघाल्याच.

नंतर तौसीफच्या फोनवर त्या बोलायच्या. मी फोन घेतला की तिकडून आवाज बंद.

“आपल्यात तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरत नाहीत,” तौसीफ म्हणाला. “आधी सलाम करेल तो मोठा.”

“मग त्यांनी करावा. मोठ्या त्याच आहेत.”

“तुला व्हायचं नाही का मोठं?”

मधाबद्दल माझंच बरोबर होतं. पण ‘मारायचंय का’ हे शब्द इनायाला थोपटताना आठवायचे, आणि हात थांबायचा.

मग जाईबाईंचा फोन आला. त्या अम्मींच्या शेजारी राहतात, फुलं विकतात. “सूनबाई, तुमच्या अम्मी दिवसा चहा बी घेऊन नाही राहिल्या. रमजान तं झाला नं? आज ओट्यावर गरगरल्या.”

अम्मींना शुगर आहे. मी बाळाची पिशवी भरली आणि इनायाला घेऊन बसमध्ये बसले.

अम्मी खाटेवर पडल्या होत्या. ओठ कोरडे. “काहून आली?”

“तुम्ही रोजे का धरलेत?”

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. “कसम तोडाची तं तीन रोजे लागते. आज तिसरा हाय. उद्या येणार होती मी, इनायाले पाहाले.”

शुगरची गोळी घेऊन दिवसभर उपाशी! मी तौसीफला फोन लावला. त्यानं मशिदीतल्या मौलानांना विचारून परत केला. मी स्पीकर चालू केला.

“अम्मी, उलटं केलंस. आधी कसम मोडायची, मग कफ्फारा, म्हणजे तिची भरपाई. आणि ती म्हणजे दहा गरिबांना दोन वेळ जेवण. ते ज्याला जमत नाही त्याच्यासाठी रोजे. आणि तू आजारी आहेस, आजचा रोजा आत्ताच सोड म्हणाले.”

अम्मी लहान मुलीसारख्या माझ्याकडे बघू लागल्या. “म्हंजे माहे रोजे वाया गेले?”

“अल्लाकडे काही वाया जात नाही, अम्मी,” मी म्हणाले.

पिशवीतल्या बाटलीत सकाळी घरून भरलेलं पाणी होतं. उपाशीपोटी त्यांची शुगर उतरली असणार, म्हणून ते पेल्यात ओतून मी साखर ढवळली आणि पेला पुढे केला. “अकोल्याचं आहे. आपल्या घरचं.” त्यांनी पेला हातात घेतला. “त्या दिवशी मी बोलले, ते आईला बोलायला नको होतं. माफ करा. मध मात्र द्यायचा नाही.”

“अजून कडकच हाय,” म्हणत त्यांनी बिस्मिल्लाह केलं आणि पेला संपवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. “मी बी इचाराले पाह्यजे होतं तुले.”

दुसऱ्या दिवशी तौसीफ आला. जाईबाईंच्या मोठ्या पातेल्यात मी वरण शिजवलं. जेवायला दहा गरीब माणसं आली, तशी अम्मी वाढायला उभ्या राहिल्या. चव घेऊन म्हणाल्या, “मीठ कमी हाय. कॉलेजात शिकवत नाही वाटते.” या वेळी मीही हसले.

तुमच्याही घरातून कुणी रागावून गेलं असेल. कोण चुकलं ते नंतर बघता येईल. आज त्यांच्याकडे जाऊन या, आणि सकाळपासून काय खाल्लं, एवढं विचारा.