उद्या जेवायला ये

“आज आवतन घे रे हौशा, उद्या जेवायला ये,” गोजरी बैलाच्या कानात सांगत होती.

हौशानं कान हलवला. आता तेवढंच काय ते त्याला हलवता येत होतं.

दुसऱ्या दिवशी पोळा. आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून जेवणाचं आवतन द्यायची आमच्याकडची रीत. छावणीत सगळ्यांचं आवतन त्या दिवशी पहिलं होतं. आमच्या गोजरीचं नववं.

हसनाबादच्या माळावर चारा छावणीत येऊन आम्हाला पाच महिने झाले होते. चार बांबू, दोन ताडपत्र्या, त्याखाली मी, मुलगा रामकिसन, सून नंदा, नऊ वर्षांची नात गोजरी, आणि शेजारी आमची तीन जनावरं. श्रावण कोरडाच सरत आला आणि म्हातारा हौशा बसला. सहा जणांनी पोटाखाली पोती घालून दोनदा उभा केला. हात काढले की खाली.

“आबा, हौशा मरल का वो?” पोरीनं विचारलं.

मी जन्मभर थापा मारून चहा प्यालो. अजिंठ्याच्या घाटात वाघाला तंबाखू मळून दिली, विहिरीत पडलेला चंद्र बादलीनं शेंदून धावड्याच्या बाजारात विकला. लोक हसायचे. त्या दिवशीची थाप मात्र हसण्यासाठी नव्हती.

“बिलकुल न्हाई मरत,” मी म्हणालो. “आवतन घेतलेला पाव्हणा जेवल्याबिगर जात नसतो. यमाला बी पाळावं लागतंय ते.”

नात माझीच. तिनं पोळ्याची वाट कशाला पाहावी? त्याच सांजेपासून तिनं रोज आवतन सुरू केलं. दिवस उजाडला की जेवण पुन्हा उद्यावर. माझी एवढी एकच थाप खरी होऊन बसली आणि तीच मला जड गेली. हौशाच्या कुशीला जखमा पडल्या होत्या. गोजरी दिवसभर निरगुडीच्या डहाळीनं माशा वारायची, कावळ्यांना दगड मारायची. जनावरांचे डॉक्टर आले, मान हलवून गेले.

पलीकडच्या दाव्याला रहमतुल्लाभाईची म्हैस होती. तिच्या वैरणीतली पेंढी हौशापुढे टाकणारा तो माणूस. त्यानं मला बाजूला घेतलं.

“भुजंगबाबा, जनावर तडपून राह्यलंय. पोरीला सच सांगून टाका.”

“तेवढं मला येत न्हाई, भाई.”

पोळ्याला नंदानं तीन दगडांच्या चुलीवर पाच पुरणाच्या पोळ्या केल्या. पहिली गोजरीच्या हातात दिली. पोरीनं ती परकराच्या ओच्यात लपवली.

“चार की त्याला, बाई,” नंदा म्हणाली.

“न्हाई. जेवला की जाईल त्यो. आबानंच सांगितलंय.”

रामकिसननं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

ती थाप होती, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग हौशाकडं नजर गेली. डोळ्यावर माशी बसली होती आणि पापणी मिटायचं बळ त्याच्यात नव्हतं.

“गोजरे,” मी म्हणालो, “पाव्हण्याला नऊ दिवस दारात उपाशी बसवलंय आपण.”

ती कितीतरी वेळ ओचा धरून उभी होती. मग खाली बसली. पोळी कुस्करून पाण्यात कालवली आणि ओंजळ त्याच्या तोंडाशी नेली. हौशानं जीभ काढली. एकदा, दोनदा. अर्धी ओंजळ चाटली असेल. ती त्याच्या कानाशी वाकली. पुन्हा आवतन देते की काय, असं मला वाटलं.

“जेवलास नव्हं? मंग जा आता. सावकाश जा.”

दुपार कलताना तो गेला.

नंदानं सगळ्यांना वाढलं. मी पहिला घास मोडला, तेवढ्यात गोजरी मागून येऊन माझ्या कानाशी वाकली. तिच्या हाताला अजून गुळाचा वास होता.

“आबा, आज आवतन घ्या,” ती म्हणाली. “उद्या जेवायला या.”

मी घास ताटात ठेवला आणि ताट झाकलं.