शरणम्माच्या शेतातली भट्टी

शरणम्माला डोहाळे लागले ते नानकटाईचे. औशाजवळच्या त्या गावात तेव्हा बिस्कीट म्हणजे आजारी माणसानं चहात बुडवून खायची गोष्ट. सासूनं, नागाबाईनं, सुनेला चिंच दिली, भाजलेली माती दिली आणि बाकीची थेरं म्हणून सोडून दिली. लहानपणी उदगीरच्या जत्रेत खाल्लेली ती एक नानकटाई शरणम्माच्या जिभेवरून काही केल्या जाईना. शेवटी तिनं ते दुःख शेतात खुरपायला आलेल्या चांगुणाला सांगितलं. चांगुणाही तेव्हा पोटुशी होती, शरणम्माच्याच महिन्याची.

"येवढंच ना?" चांगुणा खुरपं खाली ठेवत म्हणाली. "मी करून देते की."

"तुला कुठून येती गं?"

"माझा बाप नांदेडला बेकरीच्या भट्टीवर लाकडं फोडायचा. थंडीचं मी तिथंच बसून राहायची, उबेला. भट्टीवाल्या चाचाची बायको मला पीठ मळायला लावायची. तूप आन् साखर हातानं फेसायची, पांढरी होस्तर. मग मैदा, रवा. पाणी न्हाई टाकायचं."

"आन् भट्टी?"

"भट्टी माझ्याकडं लागली. तू तूप आण."

शरणम्माच्या घरी म्हैस होती, तुपाला तोटा नव्हता. मैदा लातूरच्या बाजारातून आला. पण करायचं कुठं? शरणम्माचं घर लिंगायताचं. चांगुणाला ओसरीच्या पुढं पाऊल टाकता येत नसे. चांगुणाचं घर गावाबाहेर बौद्धांच्या वस्तीत. तिकडं शरणम्मा गेली असती तर गावभर झालं असतं. दोघींपैकी कुणीच हे बोलून दाखवलं नाही. शरणम्मानं नुसतं गोठ्याकडं बोट केलं. शेतातल्या गोठ्याच्या भिंतीआड, लिंबाच्या झाडाखाली, चांगुणानं तीन दगड मांडले, मोठ्या पातेल्यात नदीची वाळू तापवली, तिच्यावर ताटली ठेवली आणि झाकणावर निखारे पसरले.

पहिली नानकटाई शरणम्मानं कढतच तोंडात टाकली. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हसायला लागली ती थांबेचना. "चांगुणक्का, हेच गं हेच!"

दोघींना मुलीच झाल्या. शरणम्माची महानंदा, चांगुणाची सुजाता. मुली झाल्यावरही भट्टी चालूच राहिली. दरवर्षी दसरा झाला की दिवाळीच्या आधी एक दिवस दोघी गोठ्यामागं जमायच्या. छप्पन साली बाबासाहेबांनी धम्म दिला तेव्हापासून चांगुणाच्या घरी दिवाळी बंद होती, दसऱ्याचा दिवस धम्मचक्राचा म्हणून वंदना घेऊन पाळायचे. पण शरणम्माबरोबर भाजायचा तो दिवस तिनं कोणत्याच सणात धरला नव्हता. तो तिचा आपला होता. अर्ध्या नानकटाया चांगुणाच्या पदरात जायच्या, अर्ध्या शरणम्माच्या डब्यात. घरी गेल्यावर शरणम्मा त्या स्वतः केल्या म्हणून सांगायची. नागाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला बशीत घालून द्यायची आणि म्हणायची, "सुनेच्या हाताला चव हाय माझ्या."

हे ऐकून चांगुणा पोट धरून हसायची. मुली वाळूत खेळत बसायच्या. महानंदा बोलण्यात पुढं, सुजाता खाण्यात. महानंदाची नानकटाई सुजाता खाऊन टाकायची आणि महानंदा रडत चांगुणाकडंच यायची, आईकडं नाही.

मग बहात्तरचं साल आलं. त्याच्या आधीच पाऊस तुटला होता, त्या साली तर नक्षत्रामागून नक्षत्र कोरडं गेलं. विहिरीला तळ दिसला. म्हैस बाजारात गेली, तिच्यामागून बैल गेले. शरणम्माचा नवरा सिद्धराम आयुष्यात कुणाच्या कामाला गेला नव्हता, तोही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला आणि बायकोलाही घेऊन गेला. चांगुणा आणि तिचा नवरा मारोती आधीपासून तिथं होतेच.

त्या कामावर पहिल्यांदाच दोघी दिवसभर उघडपणे शेजारी बसल्या. एकच ढीग, दोघींच्या हातात हातोडा. कुणाला काही बोलायला तोंडच राहिलं नव्हतं, सगळेच खडी फोडत होते. मुली बाभळीच्या सावलीला खेळायच्या. दुपारी सुकडी वाटायचे, गूळ घातलेलं सरकारी पीठ. महानंदा तिच्यातला गूळ चाटून बाकीची सुजाताला द्यायची.

"औंदा तूप न्हाई," एकदा शरणम्मा म्हणाली.

"न्हाई तर न्हाई," चांगुणा म्हणाली. "डालडा मिळाला तर डालड्यात करू. न्हाई मिळाला तर वाळू तापवून नुसतं बसू शेजारी. भट्टीला कोण काय म्हणतंय?"

शरणम्माचा तांब्या लवकर रिकामा व्हायचा. चांगुणाकडं मातीचा डेरा होता. तहान लागली की महानंदा सरळ तिच्या डेऱ्याला तोंड लावायची. शरणम्मा बघायची आणि मान फिरवायची. टँकरचं पाणी गावच्या विहिरीत ओतायचे आणि सगळं गाव त्याच विहिरीचं उपसायचं. पाणी एकच होतं, भांडी निराळी.

भाद्रपद सरता सरता गावात हगवण-वांतीची साथ आली. आधी दोन म्हातारी माणसं गेली. मग एका सकाळी सुजाताला वांत्या सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत महानंदालाही. कामावरचा खडीचा ट्रक औशाकडं निघाला होता. ड्रायव्हरनं दोघींना मुलींसकट वर चढवलं. उन्हात, धुळीत, दोघी एकमेकींना टेकून बसल्या होत्या, मांडीवर एकेक लेक. चांगुणा ओल्या फडक्यानं कधी हिचे ओठ पुसायची, कधी तिचे.

"चांगुणक्का, डोळे उघडंना गं," शरणम्मा म्हणाली.

"उघडंल. आलंच औसा. तू बोलत राहा तिच्याशी."

शरणम्मा बोलत राहिली, कानडीत, आपल्या आईच्या भाषेत. दवाखान्यात सुजाताला सलाईन लागलं. महानंदाला लावायला शीर सापडेना. डॉक्टरनं हाताला बघितलं, पायाला बघितलं, मग मानेजवळ हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला.

तिला शेतात पुरलं. लिंगायतांच्यात पुरतात. सिद्धरामानं जागा निवडली ती गोठ्यामागची, लिंबाखालची. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, त्याला फक्त सावली दिसली. चांगुणा बांधावर उभी होती. आत ये असं कुणी म्हणालं नाही आणि ती गेली नाही. तिथून तिला शरणम्माची पाठ तेवढी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी गावात बोलणं सुरू झालं. नागाबाई रडता रडता येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागली, "त्यांच्या डेऱ्यातलं पाणी पाजलं माझ्या लेकराला. तिची जगली, आमची गेली." ऐकणाऱ्या बायका मान हलवायच्या. शरणम्मा तिथंच भिंतीला टेकून बसलेली असायची. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

हे चांगुणाच्या कानावर आलं. तिनं डेरा उचलला आणि घरामागं नेऊन फोडला. मारोती म्हणाला, "अगं, त्यात डेऱ्याचा काय गुन्हा?" ती म्हणाली, "मला म्हाइती हाय. पर माझ्यानं बघवंना." अंगणात सुजाता बसली होती, अंगात नुसती हाडं उरलेली, भाकरी मागत होती. चांगुणानं भाकरी दिली आणि ती खाताना तिच्याकडं बघत राहिली. लेक जगल्याचा आनंदही तिला धड करता येत नव्हता.

दिवाळी आली. ज्या घरात वर्षात माणूस गेलं, त्या घरी फराळ करत नाहीत. शेजारीपाजारी, सोयरेधायरे नेऊन देतात. त्या साली नेऊन द्यायला कुणाकडं काय होतं? कुणी मूठभर लाह्या नेल्या, कुणी गूळ. चांगुणा मारोतीला म्हणाली, "मी जाणार हाय."

"कामून जातीस? अपमान करून घेशील."

"करू दे."

रेशनच्या लाल मिलो ज्वारीचं पीठ, थोडा गूळ, वाटीच्या तळाला लागेल एवढा डालडा. ह्या वेळी तिनं पातेलं स्वतःच्या दारात मांडलं. तूपसाखर पांढरी व्हायची तसा गूळ-डालडा होणार नव्हता, तरी ती फेसत राहिली, मनगट दुखेपर्यंत. झाल्या त्या नानकटाया म्हणायच्या नव्हत्याच. काळपट, चिरा गेलेल्या. तिनं त्यातल्या बऱ्या निवडल्या, धुतलेल्या फडक्यात बांधल्या आणि भर सकाळी, सगळ्या गावासमोरून, शरणम्माच्या दारात जाऊन उभी राहिली.

नागाबाई उंबऱ्यात आली. "काय हाय?"

"फराळाचं आणलंय. शरणम्मासाठी."

"तुझ्या हातचं आमच्यात चालत न्हाई."

चांगुणाच्या ओठावर आलं होतं. चार दिवाळ्या तुम्ही कुणाच्या हातचं खाल्लं, आणि पाहुण्यांना कुणाच्या हातचं वाढलं? एका वाक्याचं काम होतं. पण आत अंधारात तिला शरणम्मा दिसली, गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. ते वाक्य नागाबाईला लागलं असतं आणि भोगावं शरणम्माला लागलं असतं.

"शरणे," तिनं हाक मारली. "मी आलेय गं."

शरणम्मानं मान वर केली नाही. चांगुणा थांबली. म्हातारी म्हणाली, "ऐकलं न्हाई का?" तरी ती थांबली. मग पायरीवरच खाली बसली आणि रडली. महानंदासाठी रडली. इतके दिवस तिला रडायला जागाच मिळाली नव्हती. आपल्या घरात जगलेली पोर होती आणि ह्या घरात तिला यायला मुभा नव्हती. कुणी तिला उठवलं नाही. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, गाठोडं उचललं आणि कामावर गेली. दुपारी खडीवरच्या बायकांना तिनं ते वाटून टाकलं. बायका भुकेल्या होत्या, चांगलं झालंय म्हणाल्या.

सिद्धरामानं बायकोला पुन्हा कामावर पाठवलं नाही. पाणवठ्याच्या वाटेवर दोघी समोरासमोर यायच्या तेव्हा एकजण घागर सावरायची, दुसरी पदर. पुढं पाऊस झाला. चांगुणा आणि मारोती आधी नांदेडला गेले, तिथून लातूरला. ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला, शहरात नव्या कचेऱ्या उघडल्या आणि त्यातल्या एकीत मारोती शिपाई म्हणून लागला. दोन खोल्यांचं भाड्याचं घर झालं. सुजाता नववीत होती.

त्या साली थंडी लवकर पडली. दिवाळीच्या आठवड्यात चांगुणा सुजाताला घेऊन गंजगोलाईच्या बाजारात गेली होती. गल्लीतल्या बायकांनी तिच्याकडं मैदा-तूप आणून द्यायला सुरुवात केली होती. शेगडीवर, अंगणात, सगळ्यांच्या नानकटाया ती भाजून द्यायची. रव्याच्या दुकानासमोर तिला एक बाई दिसली, कानशिलावर पांढरे केस, कपाळावर भस्माच्या रेघा. पिशवी जमिनीवर ठेवून ती पदरानं चेहरा पुसत होती.

"शरणे?"

बाई वळली.  शरणम्मानं गर्दीत, भर गोलाईत, चांगुणाचे दोन्ही हात धरले.

"चांगुणक्का. इथं कधी आलीस?"

"झाले लई दिवस. तू?"

"बाजाराला. ते गेलेत खताच्या दुकानात." ती हसली. "बघ की, जिल्हा झाला आपला. पाटी बदलली नुसती."

"सासूबाई?"

"गेल्या. परवाच्या साली."

मग शरणम्माची नजर सुजाताकडं गेली. ओठावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. चौदा वर्षांची उंच पोर, दोन वेण्या, हातात पिशवी. शरणम्मा पुढं झाली, तिनं सुजाताच्या गालाला हात लावला आणि खांद्यापर्यंतची तिची उंची हातानं मोजल्यासारखी केली.

"कितवीला हायेस बाळा?"

"नववीला."

"नववीला," शरणम्मा स्वतःशीच म्हणाली.

सुजातानं आईकडं बघून विचारलं, "आई, कोण ह्या?"

चांगुणा बोलायच्या आधी शरणम्माच बोलली. "मैत्रीण होते तुझ्या आईची."

चांगुणाला ते 'होते' बोचलं. ती घाईनं म्हणाली, "घर जवळच हाय. चल की. आज गल्लीतल्या बायकांचं भाजणार हाय. दोघी मिळून करू. आता इथं कोण कुणाला विचारतंय? माझं घर हाय, तू सैपाकघरात ये न्हाई तर कुठं बी बस."

 शरणम्मानं सुजाताला म्हटलं, "बाळा, समोरच्या दुकानात वेलदोडे बघ बरं कसे दिले." सुजाता गेल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "येते म्हणले असते गं. पर येणार न्हाई मी."

"अजून त्या डेऱ्याचंच हाय का मनात?"

"न्हाई गं न्हाई. डेरा कुठला? ते सासूचं होतं. माझ्या मनात एक दिवस बी आलं न्हाई ते." तिनं दुकानाकडं बघितलं. सुजाता दुकानदाराशी हुज्जत घालत होती. "हिला बघवत न्हाई मला. तवा बी बघवत न्हवतं. तू दारात आलीस तवा मी मान वर केली असती तर तू दिसली असतीस, आन् तू दिसलीस की ही दिसली असती. चांगली हाय लेक तुझी. लई चांगली हाय. पर मी तुझ्या घरी बसणार, ही इकडून तिकडं करणार, अभ्यास करणार, आन् मी दर येळंला मोजणार, माझी येवढी झाली असती. तुझ्या लेकीला माझी नजर लागंल."

"तुझी कशाची नजर लागती?"

"लागंल. मला म्हाइती हाय मी कशी बघते ते."

 इतकी वर्षं चांगुणानं त्या बंद दाराचा एकच अर्थ लावला होता आणि त्या अर्थाचा राग तिला जगवत होता. रागाला धरून चालता येतं. आता धरायला काही राहिलं नाही. तिनं शरणम्माचा हात घट्ट दाबला.

"बरी राहा," ती म्हणाली.

"तू बी."

सिद्धराम खताचं पोतं खांद्यावर घेऊन येताना दिसला. शरणम्मानं पिशवी उचलली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गर्दीत त्याच्या दिशेनं निघाली. सुजाता परत आली तेव्हा ती बरीच लांब गेली होती.

"वेलदोडे महाग हायेत. त्या मावशी गेल्या?"

"हाव."

"काय म्हणाल्या?"

"तू लई चांगली हायेस म्हणाल्या."

सुजाता लाजली. चांगुणानं तिच्या हातातली पिशवी काढून आपल्याकडं घेतली आणि दुसऱ्या हातानं लेकीचं मनगट धरलं, लहान मुलाला गर्दीत धरतात तसं. सुजाता म्हणाली, "आई, लोक बघतात, सोड ना." चांगुणानं सोडलं नाही. रवा घ्यायचा होता तो तसाच राहिला. दोघी घरी आल्या तेव्हा गल्लीतल्या बायका मैद्याचे डबे घेऊन दारात बसल्या होत्या, आणि तिनं हातपाय धुऊन शेगडी पेटवायला घेतली.