उशाकडची बाजू

"काका, आधी त्या हँडलवरचा हात काढा."

सिस्टरने आवाज चढवला नव्हता, तरी गादीवाल्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पलंगाच्या पायथ्याशी वाकून ते हँडल फिरवायच्या बेतात होते. चार-दोन वेढे दिले असते की उशाकडची बाजू खाली आली असती आणि त्यांची बायको नीट आडवी झाली असती. एवढंच काय ते त्यांना हवं होतं.

"घसरलीय हो ती," ते म्हणाले. "बघा ना, कंबर पार खाली आलीय, मान वाकडी झालीय. असं कोणी झोपतं का?"

"मी सरकवते त्यांना वर. पण पलंग असाच राहणार, डोकं उंच. त्यांच्या घशात नळी आहे ना? तोंडातली लाळ, पोटातलं दूध, सगळं त्या नळीच्या कडेने छातीत उतरायला बघतं. सपाट झोपवलं की जास्तच. आणि तिथे उतरलं की न्यूमोनिया. मशीनवरच्या पेशंटच्या बाबतीत आम्ही त्यालाच फार भितो."

"बरं," गादीवाले म्हणाले.

कळलं सगळं, पण पटलं नाही. पटणार कसं? या माणसाचा उभा जन्म लोकांना सपाट झोपवण्यात गेला होता. गादीत कापूस कुठे कमी पडलाय ते नुसता तळहात फिरवून सांगत. बायको खोळी शिवायची आणि तयार झालेल्या प्रत्येक गादीवर स्वतः आडवी होऊन बघायची. "पाठीला लागतंय," असं ती म्हणाली की गादी उसवायची आणि पुन्हा भरायची, त्यात वादाला जागाच नव्हती. कधी कधी तिचा तिथेच डोळा लागायचा आणि गिऱ्हाईक नेमकं दारात उभं राहायचं. मग गादीवाले हळूच म्हणायचे, "गादी तुमचीच आहे, पण जरा थांबा. पसंतीला उतरतेय."

अशा या बाईला नसांचा आजार जडला. आधी पाय गळाले, मग हात, आणि मग श्वासच पुरेना म्हणून मशीन लावलं. डोकं मात्र लख्ख होतं. ऐकू यायचं, कळायचं, पण बोलता येत नव्हतं आणि बोटही हलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, "यातून माणूस उठतो. वेळ लागतो, पण उठतो. तोवर मध्येच दुसरं काही उपटायला नको." त्या एका वाक्यावर गादीवाले आणि त्यांची लेक दिवस ढकलत होते.

भेटीच्या वेळी ते विचारायचे आणि ती पापण्या मिटून हो म्हणायची. मी आलोय, कळलं का? हो. दुखतंय? हो. पाठ? हो. सपाट करू का? यावर ती पापण्या अशा घट्ट मिटायची की गादीवाल्यांचा जीव तुटायचा. तिने पाठीला लागतंय म्हणावं आणि आपण स्वस्थ बसावं, असं त्यांच्या संसारात आजवर कधी झालं नव्हतं.

एका सकाळी भेटीच्या वेळेलाच पलीकडच्या पेशंटचं काहीतरी बिघडलं. सगळे तिकडे धावले, मधला पडदा ओढला गेला. इकडे नाकातल्या नळीतून पोटात दूध ठिबकत होतं. बायको त्यांच्याकडे बघत होती. आता या माणसाला दोष द्यावा तरी कसा, आणि न द्यावा तरी कसा? बजावलेलं आठवत होतं, तरी हात शिवशिवत होते. त्यांनी हँडल फिरवलं.

तिचा चेहरा सैल झाला, अगदी घरच्यासारखा. गादीवाले स्टुलावर बसून बघत राहिले. इतक्या दिवसांत आपण हिच्यासाठी काहीतरी केलं, असं वाटून सुखावलेसुद्धा.

थोड्या वेळाने तिला ठसका लागला. मशीन ओरडायला लागलं. ओठांच्या कडेने दूध बाहेर आलं. गादीवाल्यांनी धडपडत पलंग वर घेतला, तिचं तोंड रुमालाने पुसलं आणि रुमाल खिशात कोंबला. तेवढ्यात सिस्टर धावत आली.

"काय झालं, काका?"

"काही नाही. खोकली जराशी."

सिस्टरने नळीतून कफ ओढून घेतला, मशीनचे आकडे पाहिले आणि पुन्हा पलीकडे पळाली. तेव्हा एक शब्द बोलले असते तर तिने आणखी बघितलं असतं, डॉक्टरांना बोलावलं असतं. पण गादीवाले मूग गिळून बसले. ओरडा बसेल, भेटायला बंदी होईल, एवढीच ती भीती.

मग ताप चढला. डॉक्टरांनी गादीवाल्यांना आणि लेकीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"न्यूमोनिया झालाय," ते म्हणाले. "औषधं बदललीत. मशीनवर दिवस वाढतात तसा हा धोका वाढतो. सगळी काळजी घेऊनही होतो कधी कधी."

लेक तोंडाची फटकळ. "कसली काळजी? आणली तेव्हा आईची छाती स्वच्छ होती. ह्या सिस्टरचं लक्ष कुठे असतं ते विचारा आधी. मी हिची तक्रार करणार आहे."

सिस्टर दारातच उभी होती. तिने मान खाली घातली.

"तिला काही बोलू नकोस," गादीवाले म्हणाले. "पलंग मी सपाट केला होता. दूध चालू असताना. तिने मला बजावलं होतं, तरी केला. आणि झाकून ठेवलं."

लेक मटकन बाकावर बसली. "का पण, बाबा?"

"तुझी आई म्हणाली, पाठीला लागतंय."

लेक रडायला लागली, आणि गादीवाल्यांना तिच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर झाला नाही.

संध्याकाळी त्यांनी सिस्टरला गाठलं. "खरं सांगा, माझ्यामुळेच झालं का हे?"

"कसं सांगू, काका? नळी आधीपासून होती, लाळ रोजच थोडीथोडी उतरत असते. तुमच्यामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. पण मला तेव्हा सांगायला हवं होतं तुम्ही. मी रागावले असते, दुसरं काय झालं असतं?"

त्यांनी बायकोलाही सांगितलं. कानाशी वाकून म्हणाले, "चुकलो गं मी. माफ करशील?" पण तापाने तिचे डोळे मिटलेलेच होते. हो म्हणाली की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

औषधं हरली. काही दिवसांनी एका दुपारी डॉक्टर येऊन गेले, मशीन बंद झालं आणि एकदम सगळीकडे शांत वाटलं. लेक फोन करायला बाहेर गेली. सिस्टरने नळ्या काढल्या, ओल्या कापडाने चेहरा पुसला, केस सारखे केले. मग ती पायथ्याशी गेली आणि हँडलला हात लावून म्हणाली, "काका, आता सपाट करते हं."

"नको," गादीवाले म्हणाले. "राहू द्या थोडा वेळ. वरच राहू द्या."

सिस्टरने हात काढून घेतला.

बायको पुन्हा खाली घसरली होती. गादीवाल्यांनी एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक मानेखाली, आणि तिला वर घ्यायला लागले. एकट्याने जमेना, तेव्हा सिस्टर दुसऱ्या बाजूला आली. दोघांनी मिळून तिला वर सरकवलं आणि मान सरळ केली.