साहेबांच्या खोलीतलं गॅमा मशीन

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, त्यातली तीन दुष्काळात गेली. पण पाणी शोधणाऱ्या सरकारी हापिसात साहेबांच्या खोलीत काय गारवा होता हो! खिडकीला कूलर. दगडोबा शिपाई टँकरच्या पाण्याची दोन पिपं रोज त्यात ओतायचा आणि इमानदारीनं वहीत लिहायचा.

त्याच कूलरच्या पुढ्यात, मखरात बसवल्यासारखं, गॅमा मशीन होतं. कोरड्या बोअरमध्ये सोडलं की खाली माती कुठं, खडक कुठं ते सांगायचं. त्याच्या पोटात मिठासारखा एक खडा असतो. किरण आदळला की लखलखतो, पण ओल म्हणून सोसत नाही. मेकॅनिक शिवलिंगनं मार्चातच अर्ज दिला होता, मशीन माझ्या पत्र्याच्या शेडात ठेवू द्या म्हणून. साहेब म्हणाले, "मंत्री आले तर त्यांना शेडात नेऊ?"

मे महिन्यात वार्षिक तपासणी निघाली. शिवलिंगनं मशीनसमोर किरण देणारी तपासणीची चकती धरली. आकडा निम्म्यावर! केबल बदलली, व्होल्टेज पाहिलं, उजेड शिरतो की काय म्हणून काळं फडकंही गुंडाळलं. शेवटी मशीन खोलून आत पाहिलं, तर खडा हळदीसारखा पिवळा. पोरासारखं जपलेलं मशीन गेलं, आणि चौकशी लागणार ती शिवलिंगच्याच नावानं. त्यानं रिपोर्टात लिहिलं : कारण, ओल.

साहेब कडाडले. "ओल? अहो, जिल्ह्यात थेंब नाही म्हणून मी सहीनिशी वर कळवलंय! इथं ओल सापडली म्हटलं तर वरचे मला वेड्यात काढतील. लिहा, मेकॅनिकचा हलगर्जीपणा."

शिवलिंगचं डोकं सणकलं. तेरा वर्षांच्या नोकरीत एक वाईट शेरा नव्हता त्याच्या नावावर. पण आवाज खालीच ठेवला.

"बरं हाय साहेब. खोलीत ओल न्हवती, असं लिवतो. म्हंजे कूलर बंद हुता."

"हां. बंदच होता."

"मंग दगडोबाच्या वहीतली रोजची दोन पिपं कुठं गेली, ते बी इचारतील की. तुमच्या घरला गेली म्हणून सांगू का?"

कूलर धडाडून चालू होता, तरी साहेबांना घाम फुटला. दारातला दगडोबा वही छातीशी धरून छताकडं बघत राहिला. साहेबांनी पेन उचललं आणि मुकाट सही ठोकली. कारण, ओल.

पंधरवड्यानं वरून हुकूम आला. नवा खडा मिळायला दोन वर्षं लागतील. तोवर बिघडलेलं मशीन कोरड्या शेडात, ओलीपासून जपून ठेवावं आणि मेकॅनिकनं त्याची रोज पाहणी करावी. साहेबांच्या खोलीत जागा मोकळी झाली, तिथं दुसरा कूलर आला.

शेडात शिवलिंगनं मशीन पुसलं. "जित्तेपणी मागितली हुती रं ही जागा तुझ्यासाठी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, तसा तो झटक्यात मागं सरला. मशीनवर थेंब पडायला नको.