गुरुसिद्धप्पांचं पाणी

चैत्र लागला की करंजपेठेची तेरणा नावापुरती उरायची. पात्रात वाळू, वाळूत लोकांनी उकरलेले झिरे आणि झिऱ्यांपाशी आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या घागरी. पेठ मात्र आटायची नाही. उलट उन्हाळ्यातच तिला भरतं यायचं. निजामाच्या राज्यात नदीपलीकडं करोडगिरीचा नाका होता आणि सोलापूरला जाणाऱ्या प्रत्येक पोत्यावर तिथं जकात पडायची. संस्थान विलीन झालं, नाका उठला, त्याच्या चौकीत एक न्हावी बसू लागला आणि शेंग, करडई, मिरची लॉरीत चढून थेट सोलापूर गाठू लागली. पैसा आला तशी आडतीची दुकानं वाढली. समोरासमोर, भिंतीला भिंत लावून.

त्यांत सगळ्यांत जुनी गादी शंकरप्पाची. तिच्यासमोर, रस्त्याच्या पलीकडं, चिंचेखाली बंडप्पाचं दुकान. बंडप्पा मुरुमकडून आला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोरखंडाची वेटोळी होती आणि पायात वहाण नव्हती, हे शंकरप्पा येईल त्याला सांगायचा. ऐकणारे मान डोलवायचे आणि उठून बंडप्पाकडं सौदा करायला जायचे.

ते शंकरप्पानं एक वेळ सोसलं असतं. सोसवत नव्हती ती बंडप्पाची पाणपोई.

येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला दक्षिणेकडच्या गाड्या करंजपेठेवरून येरमाळ्याला जात. ज्याच्या दारी गाड्या सुटल्या, बैल बसले, माणसं पाणी प्याली, त्याच्याच गादीवर पुढं वर्षभर त्या गावांचा माल उतरे. तसा कुणी करार केलेला नव्हता, पण प्यालेल्या पाण्याला जागायची रीत होती. शंकरप्पाचे वडील गुरुसिद्धप्पा होते तोवर सगळ्या गाड्या त्यांच्या दारी सुटत. काळ्या पोटाचा मोठा रांजण, त्याच्या बुडाशी ओली वाळू आणि शेजारी तांब्या घेऊन बसलेली कोंडाबाई. पिणारा ओंजळ पुढं करून विचारी, "कुणाचं पाणी?" कोंडाबाई नाव सांगे. पिणारा ओला हात कपाळाला लावी, ते नाव एकदा स्वतःच्या तोंडानं घेई आणि वाटेला लागे. गुरुसिद्धप्पा गादीवरून कधी कुणाला या म्हणत नसत. पाण्याला हाक मारायची नसते, तहान आपली आपण येते, असं त्यांचं म्हणणं.

ते गेले आणि शंकरप्पानं सुधारणा केली. सिमेंटची टाकी बांधली, तिला सोलापूरहून आणलेले पितळी नळ बसवले आणि वर निळ्या रंगात स्वतःचं नाव लिहून घेतलं. नळ आला की शिवाशिवीचा प्रश्नच मिटला, असं तो तहसीलदारालाही ऐकवून आला. कोंडाबाईला आता काही काम उरलं नव्हतं. तिला लुगडं-चोळी देऊन त्यानं घरी पाठवलं. महिन्याभरात ती समोरच्या चिंचेखाली बसलेली दिसली. गुरुसिद्धप्पांच्या काळात महारवाड्यातल्यांना लांबून बांबूच्या नळीनं पाणी सोडायचे, ती नळी तिनं चिंचेखाली आणलीच नाही. सगळ्यांना एकच तांब्या, एकच धार.

सिमेंटची टाकी दुपारपर्यंत अशी तापायची की नळ सोडणारा हात मागं घ्यायचा. पेठेतल्या हमालांना तेवढंच निमित्त. शंकरप्पाण्णा, टाकीत नुसती पत्ती टाका, दूध-साखर आमी आणतो, असं ते जाता जाता म्हणायचे. शंकरप्पानं टाकीवर तट्ट्याची सावली केली. पाण्यात वाळ्याच्या जुड्या सोडल्या. पाण्याबरोबर गुळाचा खडा ठेवला. पोरं गूळ उचलायची आणि पाणी प्यायला रस्ता ओलांडून पलीकडं जायची.

बंडप्पा पाण्यात काहीतरी घालत असणार, याबद्दल शंकरप्पाची हळूहळू खात्री पटली. तुरटी असेल, नाहीतर मुरुमकडचं एखादं मूळ. पुनवेच्या गाड्या यायच्या आत ते काय आहे हे कळलं पाहिजे. नाहीतर याही वर्षी बापाच्या गाड्या डोळ्यांदेखत चिंचेखाली सुटणार.

म्हणून एका भर दुपारी, पेठ झापड आल्यासारखी पडली असताना, शंकरप्पा मागच्या दारानं निघाला. डोक्यावरून उपरणं घेतलं, ते डोळ्यांपर्यंत ओढलं आणि बाजारकऱ्यासारखा येऊन रांगेत उकिडवा बसला. पुढं दोनचार माणसं होती. त्यांच्या खांद्यांवरून त्याला रांजण पहिल्यांदाच जवळून दिसला. काळं पोट, आणि काठावर बोटभर टवका उडालेला. तो टवका त्याच्याच विटीनं उडाला होता. त्याबद्दल वडिलांनी त्याला दिवसभर रांजणाशेजारी बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी वाढायला लावलं होतं.

पुढच्या माणसानं ओंजळ धरली. "कुणाचं पाणी, माय?"

"गुरुसिद्धप्पांचं."

तो माणूस प्याला, कपाळाला हात लावून नाव घेऊन उठला. मागच्यानंही तेच केलं. शंकरप्पाची पाळी आली. नुसतीच ओंजळ पुढं झाली, तांब्याची धार तिच्यात पडली आणि बोटांमधून खाली गळून गेली.

कोंडाबाई वाकली आणि त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "वंजळ नीट धरा, मालक. ल्हानपणी बी अशीच गळायची तुमची."

तो न पिताच उठला.

घरी इरम्मा, त्याची बायको, शेंगा फोडत बसली होती. रांजण समोर कसा गेला, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं मानही वर केली नाही. परड्यात पालथा पडला होता, कोंडाबाईनं मागितला, आपण दिला, एवढंच तिचं उत्तर.

"आणि नाव? नाव बी देऊन टाकलंस?"

"नाव कोण देणार? ते तिच्या तोंडात बसलेलं हाय," इरम्मा म्हणाली. "तुमी टाकीवर कुणाचं लिवलं, ते आठवा की."

दुसऱ्या कुणाचे डोळे भरून आले असते. शंकरप्पा रागानं वाटणीचा हिशेब मांडू लागला. बाप गेला तेव्हा वाटणी मागायला भाऊ नव्हता, याचं त्याला केवढं समाधान वाटलं होतं. आता हा मुरुमचा दोरवाला न सांगता भाऊ होऊन बसला होता, आणि वाटणीत त्यानं शेत मागितलं नव्हतं, गादी मागितली नव्हती, बापच उचलून नेला होता.

तो तसाच रस्ता ओलांडून बंडप्पाच्या दुकानात शिरला, या खेपेला उघड्या तोंडानं. बंडप्पा उठून उभा राहिला, त्यानं लोड पुढं सरकवला. शंकरप्पा बसला नाही. रांजण माझा आहे, नाव माझ्या बापाचं आहे, दोन्ही आजच्या आज परत पाहिजेत, असं त्यानं सुनावलं. 

बंडप्पानं तराजूची दांडी हातानं सरळ केली. "अण्णा, या पेठेत आलो त्या दिवशी तुमच्या दारी चक्कर येऊन पडलो. अप्पांनी हातानं तोंडात पाणी घातलं. माझ्या बापाचं नाव घेणारे मुरुमात हायेत. हितं दुसऱ्या कुणाचं घ्यावं, तुमीच सांगा."

"ते मला काय ठावं. माझ्या बापाचं घ्यायचं न्हाई."

"बरं," बंडप्पा म्हणाला. "घेऊन जा."

त्यानं कोंडाबाईला बोलावून, आजपासून ते नाव घेऊ नकोस, असं सांगितलंही. शंकरप्पा तयारीनं आला होता. पंच बसवायचे, चार लोकांत त्याची लाज काढायची, त्याची वहाण नसलेली पावलं पुन्हा एकदा सगळ्यांना आठवून द्यायची. त्यातलं काहीच करावं लागलं नाही. रांजण हमालांच्या खांद्यावरून आपल्या दारी येताना पाहून त्याला कुणीतरी लुबाडल्यासारखं वाटलं.

पुनवेच्या आदल्या दिवशी त्याचं दार वडिलांच्या वेळेसारखं सजलं. टाकीचे नळ काढले. निळ्या नावावर चुना फिरवला. ओल्या वाळूत रांजण बसला, झिऱ्याचं पाणी भरलं, शेजारी नवा तांब्या घेऊन गडी बसला. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते शंकरप्पानं त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

ऊन चढलं आणि गाड्या आल्या. घुंगरांचा आवाज नदी उतरून वर चढला, पेठेत शिरला आणि चिंचेकडं वळला. कासरा कुणी ओढला नाही, बैलच वळले. त्यांना सावली माहीत होती. माणसं उतरली, पटके सोडून वारा घेऊ लागली आणि कोंडाबाईपुढं रांग लागली. तिच्याजवळ आता कुंभाराकडचा कोरा रांजण होता.

"कुणाचं पाणी?" पहिल्यानं विचारलं.

"पाणीच हाय, बाबा. प्या."

तो प्याला. कपाळाकडं गेलेला हात मध्येच थबकला. घ्यायला नाव नव्हतं. त्यानं हात धोतराला पुसला. दुसऱ्यानंही तेच केलं. गादीवर बसून शंकरप्पा एकेक ओंजळ बघत होता. त्याच्या दारी एक कुत्रं तेवढं आलं आणि ओल्या वाळूत पोट टेकून झोपलं.

मग एक म्हातारा रांगेत पुढं आला. त्यानं पिण्याआधीच हात मागं घेतला. "औंदा हे काय गं? हितं गुरुसिद्धप्पांचं पाणी असायचं. ते कुठं गेलं?"

कोंडाबाईनं रस्त्यापलीकडं शंकरप्पाकडं पाहिलं.

इथं आहे, असं एकदा ओरडलं की झालं असतं. शंकरप्पाचं तोंड उघडलंही. पण त्याच गादीवरून त्याच्या बापानं जन्मभर कुणाला हाक मारली नव्हती. ते पाणी त्याच्या मागं काठोकाठ भरून होतं, आणि सकाळपासून या रस्त्यावर एकाही तोंडातून ते नाव निघालं नव्हतं. ते आपणच पुसलं, हे त्याला उमगलं. टाकीवर चुना फिरवला होता त्याहून स्वच्छ.

तो उठला. डोक्यावर काही न घेता भर पेठेतून रस्ता ओलांडून गेला. हमाल पोती खाली ठेवून बघू लागले. म्हाताऱ्याच्या शेजारी तो उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली.

"कुणाचं पाणी?" त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

कोंडाबाईनं बंडप्पाकडं पाहिलं. बंडप्पा तराजूकडं बघत होता.

"गुरुसिद्धप्पांचं," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली. "व्हय, हेच ते," म्हणून त्यानं आपलीही ओंजळ पुढं केली. मागं कुणीतरी नाव घेतलं, मग आणखी कुणीतरी, आणि रांग पुन्हा सरकू लागली.

शंकरप्पानं या खेपेला बोटं घट्ट धरली होती. एक थेंब गळला नाही. तो सगळं प्याला. पाणी गार होतं. त्याच्या दारच्या रांजणातल्या पाण्यापेक्षा गोड होतं, आणि तेवढं एक त्याच्या घशाखाली उतरेना.