आईने धरलेला हात

म्हसावदच्या शाळेत शिकवणाऱ्या कामिनीचं वजन एकशे अठरा किलो, आणि जरा आडवं झालं की आंबट पाणी घशाशी. चार वर्षं ती उशांच्या ढिगाला टेकूनच झोपायची. सुरतच्या डॉक्टरांनी दोन्हींवर एकच ऑपरेशन सुचवलं. जठर कापून नळीसारखं अरुंद करायचं, वरचा थोडा भाग राखून तो अन्ननळीभोवती गुंडाळायचा, म्हणजे आंबट वर चढणार नाही.

ऑपरेशन सुरळीत झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं पाण्याचा कप पुढे केला. कामिनीने हात उचलला आणि कुणीतरी तिचं मनगट धरलं. उशाशी वत्सलाबाई उभी होती. तिची आई. जाऊन तीन वर्षं झालेली. जिवंत होती तेव्हा लेक ‘पुरे’ म्हणाली तरी ताटात आणखी एक भाकरी टाकणारी.

“नको पिऊ, पोर,” आई म्हणाली.

कामिनीने ओठ मिटले ते मिटलेच. वैतागलेल्या नर्सनं डॉक्टरांना बोलावलं. ते रागवायला आले, पण नाडी भलतीच वेगात लागली. ताबडतोब स्कॅन केला. गुंडाळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तो काळा पडला होता, फुटला होता. तासाभरात दुसरं ऑपरेशन झालं. पुढे सात आठवडे आतड्यात घातलेल्या नळीवरच ती जगली.

“अडून बसलात म्हणून वाचलात,” डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर नळी निघाली. पातळ वरण चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. कामिनीने चमचा भरला. मनगटावर पुन्हा तीच थंड बोटं.

“माय, आते सोड ना,” ती पुटपुटली.

बोटं सुटली नाहीत. दिवसांमागून दिवस वरण वाटीत सुकू लागलं. कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले.

“आठे कोणीच नई शे, कामिनी. खाई ले ना,” आई हात धरते हे तिच्याकडून ऐकून नवरा गिरधर काकुळतीला आला. तिने हात पुढे केला. मनगटावर वळ नव्हता, पण हात काही केल्या तोंडाकडे वळत नव्हता.

गिरधरने वाद घातला नाही. चमचा स्वतःच्या हातात घेतला.

“ती तुन्हा हात धरस ना? मग मन्हा हातथीन खा.”

तिने तोंड उघडलं. घास उतरला.

तेव्हापासून गिरधर तिला दोन्ही वेळा भरवतो. वजन आता एका जागी थांबलंय. नंदुरबारच्या मानसोपचार डॉक्टरांच्या गोळ्याही चालू आहेत. शाळेत मात्र ती डबा उघडत नाही.

एका दुपारी रिकाम्या वर्गात तिने धीर करून विचारलं, “माय, आते तुले काय दिसी ऱ्हायनं?”

मनगटावरची बोटं तेवढी आवळली.