यात मी ऐकू येतो का?

माझे बाबा हट्टी आहेत हे मी वेगळं सांगायला नको, त्यांच्या डेपोतल्या भिंतींनाही ते पाठ आहे. निवृत्त झाल्यावर माणूस जरा मऊ पडतो म्हणतात. बाबा नेमके कुठे मऊ पडले ते मला अजून सापडलेलं नाही. उभा जन्म बस चालवली, आता घरी बसून माझा संसार चालवायला बघतात.

त्यांना घराबाहेर काढणारी एकच गोष्ट होती, गाण्याचा ग्रुप. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई तो चालवतात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. ग्रुपमध्ये खर्जात गाणारे दोघंच, बाबा आणि पोस्ट्या. पोस्ट्या म्हणजे बाबांचा जुना दोस्त. तो पोस्टमन होता, बाबांच्या बसमधून रोज थैली घेऊन जायचा, तेव्हापासूनची त्यांची मैत्री. तालमीवरून आले की बाबा गुणगुणत असायचे आणि त्या संध्याकाळी भाजीला नावं ठेवत नसत. म्हणजे बघा, तो ग्रुप टिकावा यात माझाही स्वार्थ होता.

तर एक दिवस बाईंनी सगळ्यांना तालमीचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘खर्जात कुणीतरी एक जण प्रत्येक ओळीला मागे राहतोय. दोघं चिकटून उभे असतात, आवाजही सारखे, मला कळत नाही कोण ते. नीट ऐका आणि आपलं आपण ठरवा. सुधारलं तर उत्तम, नाहीतर शनिवारच्या कार्यक्रमात त्याने प्रेक्षकांत बसावं.’

“पोस्ट्याच,” बाबा म्हणाले. “आयुष्यात वेळेवर काही पोचवलंय का त्याने?”

तिकडे पोस्ट्याकाका म्हणाले की ड्रायव्हरची बस कधी वेळेवर यायची ते अख्ख्या गावाला विचारा. झालं. दोघांचं बोलणं बंद. रोजचा एकत्र चहा बंद. बाबांनी तर जाहीरच केलं की पोस्ट्याने कबूल केलं नाही तर आपण ग्रुप सोडणार. मला घाम फुटला. हा माणूस ग्रुप सोडून दिवसभर घरात बसणार, या कल्पनेनेच.

“आधी पुरावा तरी काढा,” मी म्हटलं.

पण पुरावा ऐकायचा कशात? फोनच्या स्पीकरवर बायकांचे आवाज तेवढे यायचे, खर्ज कुठे गडप व्हायचा देव जाणे. शिवाय शेजाऱ्यांनी ऐकायला नको, ही बाबांची अट. मग त्यांनी जावयाने दिलेले इअरबड्स काढले. माझ्या नवऱ्याला वस्तू काय करते यापेक्षा ती आणखी काय काय करते यात रस. त्या बड्सच्या डबीला रंगीत दिवे होते. डबी हरवली तर शिट्टी मारायची. एक बाई मधेच कानात हवामान सांगायची. आणि कानाला दोनदा बोट लागलं की शेवटच्या नंबरला फोन जायचा. बाबांनी कान खाजवला की माझ्या सासूबाईंना फोन. सासूबाई बिचाऱ्या खूश, व्याही किती आठवणीने विचारपूस करतात म्हणून. एवढं सगळं होतं, फक्त गाणं पत्र्याच्या डब्यात बसून म्हटल्यासारखं यायचं.

“जावईबापूंना सांगू नकोस,” बाबा म्हणाले, “पण मला दुसरे घ्यायचेत. आणि चपलेच्या जोडापेक्षा कानाचा जोड महाग नको.”

म्हणून मी सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन दुकानात गेले. अरुंद दुकान, भिंतीला खालपासून वरपर्यंत डब्या टांगलेल्या. काउंटरमागचा विक्रेता बोलायला लागला तो थांबेचना. याच्यात गेम मोड आहे, याच्यात भाषांतर आहे, हे पाण्यात पडले तरी चालतात, हे डोकं हलवलं की फोन उचलतात.

“यात मी ऐकू येतो का?” बाबांनी विचारलं.

“म्हणजे कॉलवर ना? चार माइक आहेत, काका.”

“कॉल गेला खड्ड्यात. गाण्यात. मी गाण्यात आहे. मी ऐकू येतो का?”

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. दिवसभर लोकांना विचारत असते, हे बरं की हे. परक्या माणसाला हे शंभर वेळा विचारताना माझा आवाज चढत नाही, बाबांसाठी मात्र दुसऱ्याच वेळेला चढतो. तरी त्या दिवशी मी दात-ओठ न खाता त्यांना स्टुलावर बसवलं आणि विक्रेत्याला म्हटलं, “एकेक जोड द्या. रेकॉर्डिंगमधली तीच ओळ प्रत्येकात लावायची. बाबा, बोलायचं नाही, फक्त सांगायचं, पहिलं बरं की दुसरं.”

पहिल्यात बायका घशाला चिमटा काढल्यासारख्या गात होत्या. दुसऱ्यात ‘एक्स्ट्रा बेस’ होता. बाबांचे डोळे चमकले आणि लगेच विझले. “यात आम्ही दोघं मिळून एक ढोल झालोय. कोण कुठला कळत नाही.” तिसरा त्यांच्या उजव्या कानात टिकेचना, सारखा खाली. विक्रेत्याने मोठं रबर लावून तो घट्ट बसवला तेव्हा कुठे खर्ज थोडा वर आला. तो म्हणाला की फट राहिली की खालचा आवाज आधी पळतो. पहिल्यांदाच त्याने काही कामाचं सांगितलं, आणि मग मला त्याचा राग येईनासा झाला.

“तुमच्याकडे काहीच न करणारा एखादा जोड नाही का?” मी विचारलं.

त्याने खाली वाकून सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक करडी डबी काढली. दिवे नाहीत, शिट्टी नाही. “हे कुणी मागत नाही. याच्यात काहीच नाही. नुसतं ऐकू येतं. पण चांगलं येतं.”

मोठं रबर लावलं. बाबांनी ते कानात घातले, मी ओळ सुरू केली, आणि त्यांनी डोळे मिटले.

“बाईंची पेन्सिल ऐकू येतेय,” ते हळूच म्हणाले. “टेबलावर ठेका धरतात ती. कुणीतरी पान उलटलं.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “हा पोस्ट्या.”

“आणि?”

“परत लाव.”

परत लावलं. परत. पुन्हा. त्यांचा हात गुडघ्यावर ठेका धरत होता, तो मधेच थांबला. कानातून बड्स काढून त्यांनी काउंटरवर ठेवले.

“हे चांगले नाहीत. तो ढोलवाला द्या.”

आता मी यांच्या घरात वाढले आहे. मी एक बड पुसला, माझ्या कानात घातला आणि तीच ओळ लावली. पोस्ट्याकाका बरोब्बर ठेक्यावर, अगदी पत्र दारात टाकावं तसे. आणि त्यांच्या मागून, सगळे गाऊ लागल्यावर, एक क्षण थांबून, बाबा. दुसऱ्या ओळीला तेच. तिसऱ्या ओळीला तेच. आवाज किती भरदार होता, सांगू? मला माहीतच नव्हतं माझ्या बापाचा आवाज असा आहे. घरात तो फक्त मीठ कमी आहे एवढंच सांगतो.

“बाबा, तुम्ही प्रत्येक ओळीला थांबताय.”

“थांबायला नको?” ते उसळून म्हणाले. “सगळे चढले की नाही बघायला नको? एखादा पायरीवर पाय ठेवतोय, एखादीच्या हातात पोर आहे, आणि मी आपली गाडी सोडू?”

विक्रेता हसायला लागला आणि बाबांचं तोंड बघून थांबला. कारण बाबा हसत नव्हते. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता कळलं होतं. आयुष्यभर कुणी पडू नये म्हणून जो एक क्षण ते थांबत आले, तोच गाण्यात घेऊन गेले होते. मला एवढं भरून आलं की मी त्यांच्यावर ओरडले, “मग आता काय, स्टुलावर बसून राहणार का?”

बाबांनी करडी डबीच घेतली. ढोलवाल्याकडे एकदा बघितलं खरं, पण घेतली तीच. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, “शनिवारी मी खाली बसतो. पोस्ट्या गाऊ दे.” हट्टी माणूस हार मानतो तेव्हा फार वाईट वाटतं. मी त्यांना घरी न नेता सरळ पोस्ट्याकाकांच्या दारात उभं केलं आणि बेल वाजवली.

पोस्ट्याकाकांनी दार उघडलं. बाबांनी एक बड त्यांच्या हातावर ठेवला, दुसरा आपल्या कानात घातला. दोघं दारातच उभे राहून ऐकत होते. गाणं संपलं.

“तू चढणाऱ्यांची वाट बघतोयस,” पोस्ट्याकाका म्हणाले. त्यांना समजवावं लागलं नाही. ते रोज त्या बसमध्ये चढत होते. “तुझ्याकडे कंडक्टर नाही, ही खरी भानगड आहे. तुला डबल बेल कोण देणार?”

“तेच तर,” बाबा म्हणाले, जसं काही हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

“मग मी देतो. आता आत ये, चहा टाकलाय.”

शनिवारी मी पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी माझा नवरा. ओळ सुरू व्हायच्या जरा आधी पोस्ट्याकाकांचा हात बाबांच्या पाठीमागे जायचा, आणि बाबा बरोब्बर सगळ्यांबरोबर निघायचे. एकदाही मागे राहिले नाहीत. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली होती.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आलं तेव्हा नवऱ्याने ते त्यानेच बाबांना दिलेल्या दिवेवाल्या बड्समध्ये ऐकलं आणि म्हणाला, छान झालंय. बाबांनी मला बोलावलं आणि करड्या डबीतला एक बड माझ्या कानात स्वतःच्या हाताने बसवला, घट्ट, फट न ठेवता.

“ऐक.”

खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला. मग पहिल्या ओळीच्या आधी, अगदी हलके, कोटाच्या पाठीवर दोन बोटं. टक टक. आणि गाडी सुटली.

“आली ऐकू?” बाबांनी विचारलं.

आली, म्हटलं. मग आम्ही दोघांनी ते गाणं पहिल्यापासून पुन्हा लावलं, आणि त्या संध्याकाळी भाजीत मीठ कमी होतं ते मलाच सांगावं लागलं.